अर्ध्यावर तुटलेली वाक्यं

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. पण दुकानात काचेआड बसतो तसा सडपातळ, चकचकीत नव्हे. माझी पेटी प्लायवूडची, बिजागऱ्या कपाटाच्या दाराच्या, आणि उचलायला मी विटेसारखा जड. माझ्या पोटात तळहातावर मावेल एवढी एक हिरवी पट्टी आहे. अख्खा संगणक त्या एका पट्टीवर. तिला ना स्वतःचा पडदा, ना कळा, ना वीज. ते सगळं इकडून तिकडून गोळा करून मला घडवलं.

घडवणारी माणसं दोन. एक, टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात काम करणारी लेक. दुसरे तिचे बाबा, सुतार. बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. जन्मभर करवतीच्या आवाजावर आवाज चढवून बोललेला माणूस पाटीवर खडूने लिहू लागला. पण लेक पाठमोरी उभी असली, तर तिला पाटी दिसणार कशी? म्हणून तिने ठरवलं, बाबांनी टाइप करायचं आणि यंत्राने बोलायचं.

मोडीत निघालेल्या टीव्हीचा छोटा पडदा तिने मला दिला. कळा मुद्दाम मोठ्या आणल्या, कारण बाबांची बोटं रंध्याच्या मुठीसारखी जाड. नखाएवढं एक कार्ड बसवलं. माझं सगळं शहाणपण त्या कार्डात. पेटी बाबांनी केली. फक्त एक कोपरा लेकीने हौसेने कापला. सगळं जोडून झालं, बाबांनी बराच वेळ एकेक कळ दाबली आणि मी माझ्या सपाट, बेसुऱ्या आवाजात पहिलं वाक्य बोललो,

“तू कापलेला कोपरा वाकडा आहे.”

लेक हसता हसता रडली. ऑपरेशननंतर बाबांनी मारलेला तो पहिला टोमणा होता.

मग काय विचारता! खडूची पाटी कुणाला तरी देऊन टाकली आणि बाबा माझ्यातून दिवसभर बोलत. शेजारच्या काकू म्हणत, “आवाज गेला, पण तोरा काही गेला नाही हो तुमचा.” त्यावर मी बाबांच्या वतीने म्हणे, “चहा घेऊन जा, म्हणजे तोंड बंद राहील.” सगळे हसत. पण मित्रांनो, हसताना सगळे बाबांकडे बघत, माझ्याकडे कुणीच नाही. आवाजाकडे कोण बघतं?

बाबांना एक खोड होती. भांडणात शेवटचा शब्द आपलाच हवा. पूर्वी ते बोलून झालं की दार आपटून बाहेर जात. आता दाराऐवजी मी होतो. मनातलं बोलून झालं की ते माझ्या पोटातल्या बॅटरीकडून वीज आणणारी, पेटीबाहेर आलेली वायर खसकन ओढत. पडदा काळा, वाद खलास.

“बाबा, किती वेळा सांगू?” लेक म्हणे. “आधी बंद करायचं बटण दाबा, पडदा विझू द्या, मग वायर काढा. तो कार्डावर काहीतरी लिहीत असतो हो. तुम्ही मधेच तोडता, त्याचं वाक्य अर्ध्यावर तुटतं.”

बाबा मान हलवत, आणि पुढच्या भांडणात पुन्हा वायर ओढत. अशी किती वाक्यं माझ्यात तुटून पडली कोण जाणे. एके दिवशी ते मला सुरू करायला गेले आणि मी सुरूच झालो नाही. कार्ड पार बिघडलं होतं.

लेक वैतागली होती आणि दुकानात कामही फार होतं. तिने बाबांना एक पातळ, बोलणारा फोन आणून दिला. त्याचा आवाज मधासारखा गोड. मला उचलून कपाटाच्या वर ठेवलं, बॅटरी पोटात तशीच.

तिथून मला घर दिसत नसे, पण ऐकू येई. म्हणजे काय, भांड्यांचा आवाज, पंख्याची कुरकुर, लेकीची चप्पल. बाबांचं काहीच नाही. आधी टोमणे थांबले, मग प्रश्न, मग होकार-नकार. काकू यायच्या आणि लवकर उठून जायच्या. “वय झालं की माणूस शांत होतो,” लेक एकदा त्यांना म्हणाली. माझ्यावर धूळ साचत होती. त्या घरात आम्ही दोघं मुके होतो आणि एकमेकांना दिसतही नव्हतो.

पुढे माझी बॅटरी फुगली आणि तिने झाकण वर ढकललं. ते बाबांना खालून दिसलं. आपण बसवलेल्या जोडाला फट पडलेली सुताराला बघवत नाही. त्यांनी मला खाली घेतलं आणि टेबलावर ठकठक करून लेकीला बोलावलं.

“अरे देवा, फुगलीय ही. बाबा, हात नका लावू. टाकूनच देऊ आता हा.”

बाबांनी पेटी छातीशी धरली.

“अहो, फोन आहे ना तुमच्याकडे?”

त्यांनी खिशातून फोन काढला आणि तिच्यासमोर अंगठा टेकवला. एका अंगठ्याखाली चार अक्षरं झाकली गेली. फोन गोड आवाजात काहीतरी अर्थहीन बोलला. त्यांनी पुन्हा टेकवला. पुन्हा तसंच.

“मग इतके दिवस सांगितलं का नाहीत?” लेक म्हणाली, आणि म्हणतानाच खाली बसली. कशाने सांगणार होते?

तिने हळूच फुगलेली बॅटरी काढली, नवी बसवली, कार्ड बदललं. बाबांनी माझ्या तळाला स्क्रूची झडप केली, म्हणजे बॅटरी सहज काढता यावी. मग त्यांनी टाइप केलं आणि मी बोललो, “कोपरा अजून वाकडाच आहे. समोर बस, पुष्कळ बोलायचंय.”

भांडणं आजही होतात. बाबांचा हात वायरकडे जातो आणि थांबतो. ते बटण दाबतात. पडदा विझेपर्यंत दोघांनाही समोर बसून राहावं लागतं, आणि तेवढ्यात लेक शेवटचा शब्द बोलून घेते. तो त्यांना ऐकावा लागतो. मी मात्र तोवर अंधारात गेलेला असतो. पुढे काय होतं, मला कधीच कळत नाही.

मित्रांनो, यंत्राला मधेच तोडू नका, त्याचं वाक्य पुरं होऊ द्या. बरेच दिवस ठेवून द्यायचं असेल, तर त्याची बॅटरी काढून ठेवा. आणि घरातलं कुणी गप्प गप्प राहू लागलं, तर वयाला दोष देण्याआधी एवढं बघा, त्याच्या हातात बोलण्यासाठी काय दिलंय तुम्ही?