दोन बटनांची पेटी

मिरलानने पेटी काउंटरवर आपटली. "ही घे परत. आमच्या बाइकेंना झेपत नाही."

बाइके, म्हणजे थोरले दादा, हा ओरोझाली. वय छप्पन्न, लग्नांत वाजवणाऱ्या मिरलानच्या बँडमध्ये चौदा वर्षं गिटार वाजवणारा. पेटी आठ बटनांची होती. गिटारच्या इफेक्ट प्रोसेसरला जोडायची आणि पायाने आवाज बदलायचा. निवडली होती मिरलाननेच. गेल्या आठवड्यात तोकमोकला एका घरी लग्नाच्या तोयमध्ये, म्हणजे मेजवानीत, म्हातारी माणसं तळहात पसरून आशीर्वाद देत होती, आणि ऐन तेव्हा ओरोझालीच्या गिटारमधून ट्रॅक्टरसारखी घरघर निघाली. नवऱ्याच्या आजोबांनी आशीर्वाद अर्धवट टाकला.

"आज जमलं नाही, तर शनिवारच्या तोयला कालिस वाजवेल," मिरलानने रस्त्यातच सांगून टाकलं होतं. कालिस त्याचा मेव्हणा.

"बदलून देईन, पैसे देणार नाही," दुकानदार रिनात म्हणाला.

ओरोझाली सोबत आणलेली गिटार आणि प्रोसेसर जोडून स्टुलावर बसला आणि बूट काढू लागला.

"हे काय? हमामखाना वाटला काय तुला?" रिनात म्हणाला.

"तोयला घरात शिरताना तुझे बूट कुठे असतात रे? मागच्या वेळी इथे मी बूट घालूनच बटनं दाबून पाहिली. तोकमोकला नुसत्या मोज्यातल्या पायाने दोन बटनं एकदम दबली."

"मोजे तरी धुवायचे," मिरलान म्हणाला.

"माझ्या मोज्यांमुळे कुणी पंगतीतून उठलेलं नाही. गाण्यामुळे उठलेत."

बँडचा गायक मिरलान होता. त्याचे कान लाल झाले.

"तुझ्या खुर्चीखालचं शिरदाकही दे. तोयला खाली तेच असतं," ओरोझाली रिनातला म्हणाला. पुटपुटत रिनातने ते लोकरी नमद्याचं जाजम ओढून त्याच्या पायाशी टाकलं.

चार बटनांची पेटी आली. बटनं एकमेकांना खेटून होती, नको. दोन बटनांची प्लास्टिकची पेटी पायाचा धक्का लागताच नमद्यावरून घसरत गेली, तीही नको. मग ओरोझालीने खालच्या फळीवरची धुळकट पेटी दाखवली. लोखंडी, विटेसारखी जड, दोनच बटनं आणि मध्ये वीतभर अंतर.

"ती शिकाऊ पोरांची आहे," रिनात म्हणाला.

"काढ."

"दोनच आवाज?" मिरलान हसला. "कालिस आठ काढतो."

"आशीर्वादाला एक लागतो, नाचाला एक. उरलेले सहा तो कुणाला ऐकवणार, तुझ्या सासूला?"

"वाजव. मी टाळी देईन तेव्हा आवाज बदलायचा. पायाकडे बघायला मान खाली गेली की संपलं," मिरलान म्हणाला.

ओरोझाली वाजवू लागला. मिरलान मुद्दाम ताल सोडून टाळ्या देत होता, दोन लागोपाठ, मग कितीतरी वेळ एकही नाही. ओरोझालीची नजर त्याच्या तोंडावरून हलली नाही. दर टाळीला आवाज फिरला, स्वच्छ, खरखरीत, पुन्हा स्वच्छ. मिरलानने हात जोरात जवळ आणले आणि मध्येच थांबवले. ओरोझालीचा पाय जागचा हलला नाही.

रिनात हसला. मिरलानने पाठ फिरवून फोन लावला.

"कालिस, शनिवारी येऊ नकोस... नाही, म्हातारा अजून मेलेला नाही." जरा थांबून, मागे ओरोझालीला ऐकू जाईल अशा बेताने तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात कोण वाजवणार, याचा शब्द मी अजून कुणाला दिलेला नाही."

ओरोझालीने बूट चढवले आणि रिनातकडे लोखंडी पेटीची वायर मागितली.