मला घासू नका, मावशी

मी सर्फबोर्ड बोलतोय. लाटेवर उभं राहायची फळी म्हणा हवं तर, मला राग नाही. पोटात फोम, अंगावर राळेत भिजवलेलं कापड आणि पाठीवर मेण. माझी सगळी रडकथा या मेणाचीच आहे. मेणामुळे मी चिकट राहतो, माणसाचा पाय माझ्यावर घट्ट बसतो. मेण नसेल तर मी म्हणजे साबण सांडलेली फरशी.

माझे मालक बसचालक. जन्म बसून गेला, म्हणूनच की काय, त्यांना उभं राहायचं भारी वेड. तरुणपणी मला घेतलं, खूप लाटा झेलल्या. मग लग्न, लेक, ड्युटी, आणि मी माळ्यावर. पन्नाशी उलटल्यावर साठवलेली रजा काढून त्यांनी मला खाली उतरवलं.

लेक म्हणाली, "बाबा, आधी गुडघे बघा."

"एकदा जाऊन येतो. नाही जमलं, तर देऊन टाकीन याला कुणाला तरी."

माझ्यासमोर म्हणाले हे. कान आम्हालाही असतात.

विमानात सामानाखाली चेंगरत आम्ही परदेशातल्या या कोळ्यांच्या गावात पोचलो. गाव छोटं, निवांत. पहाटे होड्या जातात, दुपारी माणसं धक्क्यावर जाळी दुरुस्त करत बसतात, कुणी कुणाला घाई करत नाही. खोली मिळाली गावातल्या एका बाईंकडे; मालक त्यांना मावशी म्हणू लागले. मावशी माशांच्या शेडमध्ये खवले काढतात. हात इतका सवयीचा, की समोर येईल ते खरवडल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

पहिले काही दिवस झकास गेले. मालक पडायचे, पण रोज थोडे जास्त टिकायचे. मग मावशींची नजर माझ्यावर पडली.

"माणूस एवढा नीटनेटका, आणि ही वस्तू बघा किती मळवलीय."

मालक दुपारी झोपले की मावशी गरम पाण्याची बादली आणि खवल्यांची सुरी घेऊन हजर. माया मोठी, सुरीही मोठी. पाठ नुसती सोलून काढायच्या. ओरडायची सोय नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

सकाळी मालक माझ्यावरून हात फिरवायचे. "इथलं पाणी कोमट, मेण टिकत नाही," म्हणायचे आणि पुन्हा मेण घासायचे. असं करत घरून आणलेल्या मेणाच्या वड्या संपल्या. गावात मेण मिळेना. मेणबत्ती घासून पाहिली, तर रोगापेक्षा इलाज भयंकर. पाय ठेवला की माणूस पाण्यात. एके सकाळी ते वाळूत बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मेणाला कशाला नावं ठेवायची? गुडघेच गेले."

मला रडू आलं. खरं काय ते मला माहीत होतं आणि सांगता येत नव्हतं.

अर्धी रजा शिल्लक असताना त्यांनी बॅग भरली.

"मावशी, हा ठेवा तुम्हाला."

"मला? मग तुम्ही कशावर उभे राहणार?"

"नाही राहता येत आता."

"असं कसं? मी तर रोज लख्ख करून ठेवते. त्या चिकट्याचा कण राहू देत नाही."

"कसला चिकटा?"

मावशींनी आतून सुरी आणून कौतुकाने दाखवली. मालक मटकन पायरीवर बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग त्यांनी मेणाचं गणित समजावलं. मावशींचा चेहरा उतरला.

"म्हणजे रोज मी तुमचे पायच काढून घेत होते की."

त्या आत गेल्या आणि एक डबा घेऊन आल्या. "पण टाकलं नाही हो मी. जाळ्याच्या सुताला लावायला दिराला देणार होते."

डब्यात माझं सगळं मेण होतं. वाळू आणि माशांच्या खवल्यांसकट. मालकांनी ते तसंच माझ्या पाठीवर पुन्हा घासलं.

दुसऱ्या दिवशी मावशी कामावर उशिरा गेल्या. किनाऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या. लाट आली, मालकांनी हात टेकले, गुडघे कुरकुरले, आणि ते उभे राहिले. पार वाळूला लागेपर्यंत उभे. किनाऱ्यावरून मावशी जीव खाऊन ओरडत होत्या, "बसा आता, पडाल!"

रजा अजून बाकी आहे. मी व्हरांड्यात टेकून उभा असतो, चिकट, मळका आणि सुखी. झाडपूस करताना मावशी माझ्यापाशी थबकतात. हात शिवशिवतो त्यांचा, मग फडकं मागे लपवून पुढे जातात. माझं तुम्हा सगळ्यांना एवढंच मागणं आहे. कुणावर जीव जडला तर त्याला खुशाल घासूनपुसून लख्ख करा, पण आधी विचारा. आणि त्याला तोंडच नसेल, तर निदान त्याचा मालक झोपेतून उठेपर्यंत थांबा.