वांगी तेवढी आपली

शेलूबाजारच्या बाहेर, नाल्याला लागून माळ्यांची वाडी होती. वाडी कसली, मोजकी घरं आणि त्यांच्यामागं वांगी-मिरचीचे मळे. या वाडीत कुणाचं घर पाहायला पाहुणे येणार असले की ते एकट्या त्या घराचं काम राहत नसे. पाहुणे येत ते सोयरिकीला. पोरगी द्यायची तर घर कसं, बैल कसे, भांडीकुंडी काय, हे पाहूनच ना! मग ज्याच्याकडे जे चांगलं असेल ते त्या घरी जाऊन पोचे. एकाची बैलजोडी, दुसऱ्याचे पितळी हंडे, तिसरीची नथ. पाहुण्यांनाही हे ठाऊक असे. त्यांच्या गावात तरी दुसरं काय चालत होतं? पण तसं तोंडावर विचारायची रीत नव्हती. लग्न होऊन सून घरात आली की आठवडाभरात तिचं तिला सगळं कळे.

चंपतच्या जगदेवला हे कुणी सांगायला नको होतं. लहानपणी त्यानं स्वतःच्या डोक्यावरून वाडीतल्या कस्तुराबाईचे हंडे या घरून त्या घरी नेले होते. तरीसुद्धा हा शहाणा आदल्या दिवशी कारंज्याला निघताना बापाला एवढंच म्हणाला, "बाबा, उद्या वकीलसाहेब आपलं घर पाहाले येनार हायेत. मी त्यायले घेऊनच येतो." आणि गेला निघून. कशासाठी पाहणार, काय पाहणार, हे बापाला समजावून सांगावं असं त्या मॅट्रिक पास झालेल्या डोक्यात आलं नाही. खरं सांगायचं तर आलं होतं, पण 'आपण किती गरीब आहोत ते पाहायला येणार' हे शब्द बापासमोर त्याच्या तोंडातून निघेनात.

जगदेवला अमरावतीच्या कॉलेजात जायचं होतं. वाडीतून मॅट्रिक झालेला तो पहिलाच. कॉलेजची फी आणि खानावळ चंपतच्या मळ्यातून निघण्यासारखी नव्हती. कारंज्याच्या एका कापसाच्या जिनवाल्या शेटजींनी आपल्या आईच्या नावानं फंड काढला होता, हुशार आणि गरीब मुलांसाठी. तो मिळाला तर कॉलेज, नाही तर मोटेमागं. हुशारीचा दाखला मास्तरांनी दिला होता. गरिबी मात्र फंडाचे चिटणीस गोविंदसिंग वकील घरी येऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहत.

दुसऱ्या दिवशी वकिलांच्या दमणीत, त्या छपराच्या बैलगाडीत, त्यांच्यासमोर जगदेव अंग चोरून बसला होता. पायात वहाण नव्हती म्हणून त्यानं पाय धोतराखाली ओढून घेतले होते. वकील मोठ्या मनाचा, पण बोलायला रोखठोक माणूस.

"मागच्या महिन्यात एका पोरानं बापाचे दोन मळे लपवले," ते म्हणाले. "त्याचं नावच कापून टाकलं. गरिबी नसली तर नसो, पण झूट नको. तुझ्या घरी काय काय आहे?"

जगदेवनं खाली मान घालून सांगायला सुरुवात केली. एक बैल आहे, तोही म्हातारा. मोटेला दुसरा शेजारच्या जानरावकाकाचा लावतात. घरात मातीचीच भांडी. आईच्या गळ्यात काळे मणी, बाकी काही नाही. सुरुवातीला एकेक वाक्य जड जात होतं. पण वकील मान हलवू लागले, "अरेरे" म्हणू लागले, तशी त्याची जीभ सैल झाली. पावसात छप्पर गळतं हेही सांगितलं आणि आई कधीकधी नुसत्या पाण्यावर निजते हेही सांगून मोकळा झाला. हे शेवटचं खोटं नव्हतं, पण ते त्याच्या आईनं, तुळसाबाईनं, कुणाला कधी सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर त्याला कसंनुसं झालं. आईचा झाकलेला हंडा आपण चारचौघांत उघडून दाखवला असं वाटलं.

दमणी वाडीत शिरली आणि जगदेवनं मान वर करून आपल्या घराकडे पाहिलं.

अंगण सारवून रांगोळी काढलेली. दाराशी जानरावची पांढरीशुभ्र जोडी, शिंगांना हिंगूळ लावून, पाठीवर झुली घालून उभी. आपला म्हातारा बैल कुठं दिसेना. त्याला नाल्यापलीकडे नेऊन बांधलं होतं. ओसरीवर कस्तुराबाईचे हंडे एकावर एक रचलेले, चिंचेनं घासून असे लखलखीत की पाहावत नव्हतं. खुर्ची आली होती, ती पाटलाकडून. तुळसाबाई दाराआड उभी होती, नाकात नथ आणि गळ्यात सोन्याची पोत घालून, आणि एवढ्या सोन्याची सवय नसल्यामुळं मान ताठ धरून. अंगणात वाडीतले झाडून सगळे बाप्ये बसले होते. मध्ये चंपत, कुणाचा तरी कोट घालून. कोटाच्या बाह्या त्याच्या बोटांपर्यंत आल्या होत्या.

"या, या वकीलसाहेब!" चंपत हात जोडून उठला. त्याच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता की जगदेवला तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

वकील खुर्चीत बसले. हंड्यांकडे पाहिलं, बैलांकडे पाहिलं, मग जगदेवकडे पाहिलं. पाण्याचा पितळी तांब्या आला, तोही त्यांनी फिरवून पाहिला.

"हे बैल तुमचे का, चंपतराव?"

उभ्या जन्मात चंपतला कुणी 'राव' म्हटलं नव्हतं. आणि घर पाहायला आलेल्या माणसानं असं थेट विचारलेलंही वाडीनं कधी ऐकलं नव्हतं. चंपत क्षणभर चाचपडला. सगळी वाडी त्याच्या तोंडाकडे पाहत होती.

"तुमच्या किरपेनं हायेत, साहेब," तो म्हणाला.

ज्याचे बैल होते तो जानराव लगेच मदतीला धावला. "ही तं लहान जोडी हाय साहेब. मोठी वावरात गेली."

"अन् हे हंडे काईच नाही," कस्तुराबाई दारातून म्हणाली. "घरात ठेवाले जागा नाही मनून बाहीर काढले."

प्रत्येकानं आपापल्या परीनं भर घातली. कुणी मळ्याला दुसरी विहीर दिली, कुणी चंपतच्या घरी दुभत्या म्हशी बांधल्या. एवढ्या प्रेमानं कुणी कुणाला बुडवलं नसेल. वकिलांनी काठी टेकली आणि ते उठायला लागले.

"अच्छा," ते जगदेवला म्हणाले. "म्हणजे दमणीत तू सांगितलंस ते झूट. की हे झूट?"

जगदेवचे कान तापले. बापाकडे पाहू नये असं त्यानं ठरवलं, आणि नेमकं तिकडंच पाहिलं. चंपत अजून हसत होता. पोरगा आता काहीतरी इंग्रजी बोलून साहेबांना खूश करील, अशी त्याची समजूत असावी.

"बाबा खोटं सांगून राह्यले," जगदेव म्हणाला.

"जोरात बोल."

"बाबा खोटं सांगून राह्यले साहेब! बैल जानरावकाकाचे हायेत. हंडे कस्तुरामावशीचे. आईच्या गळ्यातली पोत बी मावशीचीच. कोट कोनाचा हाय, मले माहीत नाही. आमचं काईच नाही इथं."

"काहून रे असा बोलतं?" जानराव ताडकन उठला. "साहेब, पोरगं लाजून राह्यलं. भगवंताची आन घेऊन सांगतो, बैल याचेच हायेत!"

"राहू दे, जानराव," चंपत म्हणाला. त्यानं कोट काढला, नीट घडी घातली आणि मांडीवर ठेवला. आत जुनी बंडी होती, खांद्यावर फाटलेली. "पोरगं खरं सांगते. माहं काईच नाही." मग पोरासारखं म्हणाला, "घर पाहाले येनार मने, मनून मांडलं सारं. गरीब दिसा लागते हे मले कोनी सांगतलंच नाही."

दाराआडची तुळसाबाई दिसेनाशी झाली.

वकील परत खुर्चीत बसले. त्यांना सगळं समजलं आणि हसू आलं, पण ते त्यांनी मिशीत दाबलं. "फंड मिळेल तुझ्या मुलाला," ते चंपतला म्हणाले. "जुलैत पाठवून दे अमरावतीला."

जगदेवला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण तो पोटात कुठंतरी खाली पडला आणि वर आलाच नाही. वाडीतली माणसं एकेक करून उठली. जाताना त्याच्याशी कुणी बोललं नाही.

वकील निघाले तेव्हा चंपत घाईघाईनं मागच्या मळ्यात गेला आणि टोपली भरून वांगी घेऊन आला. कोवळी, जांभळी, काटेरी देठांची. पाहुणा रिकाम्या हातानं जात नसतो.

"अरे, ही कोणाकडून मागून आणलीस?" वकील म्हणाले. बोलण्यात वाईट हेतू नव्हता. एवढा वेळ दाबलेलं हसू होतं ते, बाहेर पडलं. गाडीवान हसला. आणि जगदेवही हसला. वकील हसले म्हणून, फंड मंजूर झाला म्हणून, आपण आता त्यांच्या बाजूचे आहोत हे दिसावं म्हणून हसला.

चंपतनं आधी पोराकडे पाहिलं, मग वकिलांकडे.

"नाही साहेब," तो म्हणाला. "वांगे माह्याच मळ्यातले हायेत."

जगदेव टोपली मांडीवर घेऊन दमणीत बसला, सडकेपर्यंत पोचवायला. सडक आल्यावर वकिलांनी दमणी थांबवली. "ही टोपली परत घेऊन जा. फंडाच्या माणसानं कोणाकडून काही घ्यायचं नसतं. तुझ्या बापाला तिथं सांगवेना, म्हणून घेतली." जगदेव उतरला. दमणी कारंज्याकडे गेली.

भर दुपारी तो टोपली घेऊन नाल्याशी उभा राहिला. वांगी परत नेली तर बाप काय म्हणेल ते त्याला दिसत होतं. काहीच म्हणणार नाही, टोपली घेऊन आत जाईल. आज आणखी एकदा त्याचं तोंड पाहायची जगदेवमध्ये ताकद नव्हती. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि टोपली पळसाच्या झुडपांत उलटी केली. तिथं शेळ्या चरत होत्या, त्या धावत आल्या.

घरी आला तेव्हा ओसरी उघडी पडली होती. चंपत हंडे पोचवून नुकताच आला होता. त्यानं ते स्वतःच्या डोक्यावर नेले होते. नेणाऱ्यानंच परत आणून द्यायचे असतात. आत तुळसाबाई चुलीशी होती. तिनं जगदेवला भाकर वाढली, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. रिकामी टोपली पाहून चंपतचा चेहरा मात्र उजळला.

"नेले ना रे वांगे साहेबानं?"

"नेले, बाबा."

"मंग बरं झालं," चंपत म्हणाला आणि हायसं वाटून भिंतीला टेकला. "बियासाठी झाडाले राखलेले वांगे बी तोडले मी आज. पटलं ना त्यायले, आपलेच होते मनून?"

जगदेवनं भाकरीचा तुकडा मोडला.

"पटलं, बाबा," तो म्हणाला.