वळणावरची जागा

मी पॅडलबोर्ड बोलतोय. पाण्यावर उभं राहून वल्हवायची फळी. फळी म्हटलं की लोकांना लाकूड आठवतं, पण मी आहे रबराचा, आत नुसती हवा. हवा काढून गुंडाळलं की पाठीवरच्या पिशवीत मावतो, पंप मारला की ओट्यासारखा टणक होतो. सध्या एका मासेवालीच्या अंगणात विटांवर आडवा पडलोय. माझ्यावर जुना पत्रा टाकून ती दिवसभर मासे कापते. कोयता आपटते, डोकी तोडते, खवले उडवते. मला त्याचं काही वाटत नाही. याहून वाईट पाहिलंय मी.

माझा जन्मच मुळी दणकटपणाच्या परीक्षेत झाला. कारखान्यात माझे दोन पदर आतून धाग्यांनी शिवले, कडा तापल्या यंत्राखाली दाबल्या आणि मग फुटतो का ते बघायला हवा कोंबत राहिले. शेजारचा फुटला. कानठळ्या बसतील असा आवाज झाला. कामगारानं त्याला पायानं बाजूला सारलं आणि जेवणाचा डबा उघडला. माणसांची आणि माझी ओळख झाली ती अशी.

मला घरी आणलं दादानं. दादा आणि त्याची धाकटी बहीण, दोघांचा धंदा एकच. नदीकाठी, तळ्याकाठी अशा जागा शोधायच्या जिथं तंबूही नीट ठोकता येईल आणि फळीही बिनधास्त पाण्यात सोडता येईल. मग सुट्टीवर निघालेल्या कुटुंबांना त्या जागा सुचवायच्या. बहिणीला घरात सगळे भिंगरी म्हणत. ती एका जागी बसलेली कोणी पाहिलीच नव्हती.

भिंगरी जमीन बघायची, दादा पाणी. ती टाचेनं माती दाबून खुंटी धरेल का ते पाहायची. झाडांच्या बुंध्यांना अडकलेला काडीकचरा बघून पुराचं पाणी कुठवर चढतं ते सांगायची. दादा मला घेऊन उतरायचा. तळ चिखलाचा की खडीचा, पोरांना उतरायला उथळ आहे का, वारा काठाकडे आणतो की आत ओढतो, पाण्यात कुठं झाड पडलंय का, सगळं मी आणि तो मिळून बघायचो. नंतर दोघांची जुंपायची.

"पास!" दादा ओरडायचा.

"डोंबलाची पास! तिकडे मुंग्यांची वारुळं आहेत. रात्री तुला उचलून नेतील."

"मला उचलायला मुंग्या कमी पडतील गं."

घरी आले की दादाची बायको, म्हणजे वहिनी, पुढच्या खोलीत गिऱ्हाइकाचे केस कापत असायची. तिचं दुकान तिथंच होतं. एक खुर्ची, एक आरसा, खाली केसांचा ढीग. ती आरशातूनच म्हणायची, "आले का उंडगे? पाय पुसा आधी." मला भिंतीला टेकवून ठेवायचे. आरशात मी वहिनीच्या पाठीमागे उभा दिसायचो. ती गुणगुणायची. बरं चाललं होतं आमचं.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. माझ्या शेपटाला, म्हणजे मागच्या टोकाला, एक रबरी दोरी असते, उपसला की निघणाऱ्या पट्ट्यानं अडकवलेली. तळ्यावर ती घोट्याला बांधायची. माणूस पडला तर फळी वाऱ्यानं लांब जात नाही, जीव वाचतो. वाहत्या नदीवर मात्र तीच दोरी घोट्याला बांधली तर जीव घेते. ती कुठं अडकली की प्रवाह माणसाला खाली दाबून धरतो आणि घोट्यापर्यंत हात पोचत नाही. म्हणून नदीवर दोरी कमरेच्या पट्ट्याला लावतात, एक झटका दिला की सुटणाऱ्या. हे त्या दोघांना पाठ होतं. लोकांना तेच सांगत फिरायचे.

त्या दिवशी कमरेचा पट्टा गाडीत राहिला. गाडी वर रस्त्यावर. खाली नदीचं एक रुंद वळण होतं, पाणी असं निवांत की तळंच वाटावं. काठाला सपाट गवत, सावली, सगळं कसं चित्रातलं. दादा पट्टा आणायला वळला, तर भिंगरी म्हणाली, "जाऊ दे ना रे दादा. उजेड चाललाय. एवढंसं तर वळण आहे, पायालाच बांध."

दादानं ऐकलं. लाडकी होती ती.

वळणाच्या पलीकडे एक झाड आडवं पडलं होतं. खोड वर, फांद्या पाण्यात. पाणी फांद्यांमधून आरामात जातं, माणूस जात नाही. आम्हाला ते दिसलं तेव्हा प्रवाहानं आम्हाला धरलं होतं. मी खोडावर आदळलो, दादा उडाला आणि फांद्यांच्या खालून गेला. दोरी एका फांदीला वेढा घालून ताणली गेली. मी या बाजूला वर, तो त्या बाजूला खाली.

भिंगरी ओरडत पाण्यात शिरली. हाताला मी लागलो. तिनं मला धरलं आणि जिवाच्या आकांतानं ओढायला लागली. मला सोडायचं होतं हो! माझ्या शेपटाचा पट्टा काढला असता तर दोरी सुटली असती. पण बुडणाऱ्याला ओढायचं, एवढंच तिला सुचलं. ती ओढत होती आणि दोरी फांदीवर आणखी आवळत होती.

दोरीतून मला दादा कळत होता. तो लाथा मारत होता. वाकून घोट्याकडे हात नेत होता, प्रवाह त्याला पुन्हा सरळ करत होता. एकदा त्याची बोटं दोरीवर आली, नखं घासली. तो फार वेळ झुंजला. फार म्हणजे फार. शांतपणे वगैरे काही झालं नाही. शेवटचे हिसके तर असे होते की मी खोडावर थडाथडा आपटत होतो. मग दोरीत नुसतं पाणी थरथरत राहिलं.

घरी माणसं जमली. भिंगरी येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगायची. "पायाला बांध मीच म्हणाले. आणि मी फळी ओढत बसले, ती सोडायला हवी होती. शेपटाचा पट्टा नुसता उपसायचा होता!" वहिनी आरशासमोरच्या खुर्चीत बसून ऐकत होती. रडली नाही. दादा कसा गेला, हेही तिनं एकदाही विचारलं नाही.

माणसं पांगल्यावर ती उठली, कात्री उचलली आणि माझ्यावर तुटून पडली. पहिला वार छातीत बसला. मी फुटलो, आरशाला तडा गेला. ती थांबली नाही. हवा गेली तरी भोसकत राहिली, फाडत राहिली. भिंगरी सोडवायला आली तर तिच्या दंडावर कात्री फिरली. वहिनीनं तिचे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं.

"तू का नाही मेलीस? सांग ना! तू का नाही?"

भिंगरीनं हात वर केला नाही. मार खात उभी राहिली. मला त्या मुलीचा रागही यायचा आणि कीवही.

नंतर तिनं मला ठिगळं लावली. कशासाठी, देव जाणे. रोज बसायची, घासायची, डिंक लावायची, वजन ठेवायची. भिंगरी पहिल्यांदाच एका जागी बसली होती. मी पुन्हा हवा धरायला लागलो तेव्हा वहिनी दारात येऊन उभी राहिली.

"झाला का नीट? चल मग. मला ती जागा बघायचीय."

वळणावर आल्यावर वहिनीनं मला पाण्यात ढकललं. "चढ," म्हणाली. भिंगरी चढली. वहिनी वाकली आणि दोरीचा पट्टा तिच्या घोट्याभोवती गच्च आवळला.

"वहिनी, इथं पायाला नाही बांधत."

"माहितीये मला."

भिंगरीनं तिच्याकडे पाहिलं. सगळं समजली. सोडवला असता पट्टा तर कोणी अडवणार नव्हतं. पण ती तशीच उभी राहिली आणि वहिनीनं मला लाथेनं प्रवाहात लोटलं. मला ओरडता आलं असतं तर तिथल्या दरडी कोसळल्या असत्या.

झाड तसंच होतं. पुन्हा तेच खोड, तीच धडक. भिंगरी खाली गेली, दोरी ताणली. पहिल्यांदा ती हललीच नाही, जणू मरायलाच आली होती. पण शरीर कुणाचं ऐकतं? जरा वेळानं तेही लाथा मारायला लागलं.

वहिनी काठावर उभी होती. हाताची घडी घातलेली. ती बघत होती. मी तिच्याकडे बघत होतो, आणि खरं सांगतो, त्या वेळी मला तिचा संताप संताप आला. मग भिंगरीच्या हिसक्यानं मी खोडावर थडाथडा आपटायला लागलो. तो आवाज ऐकला आणि वहिनीचा चेहरा फाटला. ती धावत सुटली. खोडावरून सरपटत आली, फांद्यांनी गाल ओरबाडले, तरी आली. तिनं मला ओढलं नाही. थेट शेपटाला हात घातला. ओला पट्टा निघेना. नखं उपटली, बोटं रक्तानं भरली, मग तिनं दातांनी धरून तो उपसला.

मी सुटलो. वाहत जाताना मागे पाहिलं. झाडापलीकडच्या खडीवर वहिनीनं भिंगरीला ओढून पालथं टाकलं होतं आणि ती तिला मारत होती. पाठीत बुक्क्या, गालांवर थपडा, शिव्या आणि पुन्हा बुक्क्या. "ऊठ, मेले! ऊठ! मला एकटीला टाकून जातेस?" कुठल्या तडाख्यानं माहीत नाही, पण भिंगरीच्या तोंडून भडाभडा पाणी आलं आणि ती खोकायला लागली. वहिनी तरीही मारतच होती.

पुढे मी मासेवालीच्या जाळ्यात अडकलो आणि इथं आलो.

परवा अंगणाबाहेर गाडी थांबली. दोघी उतरल्या. इथून खाली नदी तळ्याला मिळते, तिथं तंबूंसाठी जागा मिळेल का, असं विचारत होत्या. मला बघून भिंगरी जागीच थबकली. मासेवाली वाट दाखवायला कोणाला तरी हाक मारायला गेली, तेवढा वेळ दोघी माझ्या कडेला टेकल्या. वहिनीनं पत्रा सरकवून माझ्यावर हात ठेवला.

"तू गेली होतीस ना खाली," ती म्हणाली. "कसं होतं गं? त्याला फार..."

माझ्या ठिगळावरून तिचं बोट फिरत राहिलं.

"नाही गं वहिनी," भिंगरी म्हणाली. "आधी जरा घाबरायला होतं. मग कान भरतात आणि झोप येते. लहानपणी येते ना तशी. काही कळतसुद्धा नाही."

"खरंच?"

"दादाची शप्पथ."

वहिनी रडली. पहिल्यांदाच. भिंगरीच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्यानं रडली. मासेवाली मासळीची पाटी घेऊन एकटीच परत आली आणि बोटानं तळ्याची वाट दाखवत म्हणाली, "बायांनो, उठता का? मला कापायला बसायचंय."

दोघी उठल्या आणि तळ्याच्या वाटेनं गेल्या.

मी तुम्हाला सगळं सांगून बसलो, कारण कुणाला तरी सांगायचंच होतं. एवढं मात्र करा. कुठल्या काठावर या दोघी तुम्हाला भेटल्या, टाचेनं माती दाबत जागा बघताना दिसल्या, तर दोरी कुठं बांधायची ते त्यांना जरूर विचारा. दादाचं मात्र वहिनीला काही सांगू नका. ती मानून चाललीये की त्याला झोप लागली.