पाणी चढू द्या, वहिनी

आपल्याला समुद्र कळतो असं आमच्या ह्यांना, कौस्तुभला, वाटायला लागलं, तिथूनच सगळं बिघडलं. आम्ही मूळचे साताऱ्याचे, नायगावात फ्लॅट घेऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. पण कौस्तुभने भरतीचं गणित शिकून घेतलं होतं: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. त्या रविवारी दशमी, म्हणजे भरती साडेसातला आणि ओहोटी दुपारी दीडला. "दीडला बाइक घेऊन वाळूवर उतरायचं, किनाऱ्याने अर्नाळा गाठायचा आणि विरारवरून परत," असा गोल दौरा त्याने आखला.

"अरे, निघायचं ते पाणी उतरत असताना," त्याचा किनाऱ्यावरच्या वटार गावचा मित्र आल्बर्ट म्हणाला. "दीडनंतर ते चढायला लागतं." पण ऐकेल तो कौस्तुभ कसला!

त्यात आम्ही दोन्ही जोडपी सुरूच्या बनात जेवायला रेंगाळलो. पुढे एक ओहोळ समुद्राला मिळतो. आल्बर्ट आणि त्याची बायको रोझलिन यामाहावरून पार झाले. आमची बुलेट काळ्या चिखलात आडवी झाली. मी बाजूला फेकले गेले आणि कौस्तुभचा पाय गुडघ्यापर्यंत गाडीखाली अडकला.

रोझलिन माणसं आणायला गावाकडे धावली. मी आणि आल्बर्टने जीव खाऊन ओढलं, तर गाडी उलट आणखी रुतली. तेवढ्यात पाणी आलंच. बघता बघता बसलेल्या कौस्तुभच्या छातीला लागलं. मी त्याला काय काय बोलले! मेल्या, शहाण्या, जळो तुझी हौस! हात मात्र त्याच्या मानेखालून काढला नाही.

आल्बर्टने ओढणं थांबवलं. "पाणी चढू द्या, वहिनी."

"डोकं फिरलंय का? बुडेल तो!"

"चिखलाने गाडी धरलीय. खाली पाणी शिरल्याशिवाय सोडणार नाही. मोठी लाट आली की मी उचलतो. तुम्ही त्याचं नाक-तोंड दाबून धरा."

स्वतःच्या नवऱ्याचं नाक-तोंड दाबायचं! पण दुसरं करणार काय? एक लाट त्याच्या डोक्यावरून गेली. माझ्या हाताखाली तो तडफडला, मी सोडलं नाही. गाडी हललीसुद्धा नाही. पाणी ओसरल्यावर तो धापा टाकत म्हणाला, "आर्याला सांग..." आर्या आमची चार वर्षांची मुलगी.

"गप्प! श्वास घे आधी!" मी खेकसले.

पुढची लाट माझ्या गळ्यापर्यंत आली. आल्बर्टने सीटखाली खांदा घातला, "आई गं!" म्हणून ओरडला आणि गाडी सुटली. मी कौस्तुभला काखेत धरून मागे खेचलं. माणसं दोर घेऊन आली तेव्हा आम्ही तिघं कोरड्या वाळूत पडलो होतो.

खोकत खोकत तो उठून बसला आणि मागे वळून म्हणाला, "बुलेट गेली का गं?"

मी फाडकन थोबाडीत मारली. चारचौघांत. त्याने माझा तोच हात घट्ट धरला. रिक्षात धरून ठेवला, दवाखान्यातही. एक्स-रेवाले म्हणाले, "ताई, तुम्ही बाहेर थांबा." तो हात सोडेना.

मीही सोडवून घेतला नाही.