खालचा कप्पा

“आज परत राख आली वर. ही मोरी हाय का सिमेंटची गोनी, समजंना बाई.”

हे वाक्य डक्टमधून आलं. सानपाड्याच्या त्या इमारतीत बाथरूमच्या खिडक्या डक्टमध्ये उघडतात, आणि खालच्या बाईने स्वतःशी पुटपुटलेलं सरळ वरच्या बाईच्या कानाशी येऊन बसतं. क्षिप्राने मार्बल कटर बंद केला, मास्क हनुवटीखाली ओढला आणि खिडकीकडे तोंड करून म्हणाली, “सकिनाताई, ऐकू येतंय मला.”

“ऐकू यावं म्हनूनच बोलते,” खालून उत्तर आलं. “पाय ठेवायला जागा नाय. नातवाला न्हाऊ कुठं घालू, तुमच्याकडं आनू?”

“आणा. फक्त गॉगल घालून आणा.”

खालून नको असताना आल्यासारखं हसू आलं.

चूक क्षिप्राचीच होती आणि ती तिला मान्य होती, फक्त मोठ्याने नाही. दगड कापताना जो करडा चिखल निघतो तो पाण्यासारखा दिसतो, पाण्यासारखा वाहतो, म्हणून तो पाण्यासारखाच निघून जाईल असं तिने धरलं. सुरुवातीला बादल्याच्या बादल्या तिने मोरीच्या जाळीतून ढकलल्या. तो चिखल गेला, आणि सकिनाच्या मजल्यावर पाइपच्या वळणाशी जाऊन निवांत बसला. आता वर कुणीही आंघोळ केली की सकिनाच्या मोरीतून करडं पाणी उसळायचं.

दगड म्हणजे अडीच फुटी काळी शिळा. पुलाखाली पाटे-वरवंटे घडवणाऱ्यांकडून तिने ती विकत घेतली आणि चादरीत गुंडाळून लिफ्टने वर आणली. वॉचमनला सांगितलं, शिलाई मशीन आहे. शिलाई मशीन उचलायला दोन माणसं का लागतात, हे त्या भल्या माणसाने विचारलं नाही.

तिला नवऱ्याचा वीरगळ कोरायचा होता. सासरच्या गावी, मारुतीच्या देवळामागे, असे जुने दगड ओळीने उभे आहेत, लढताना पडलेल्या माणसांचे. ते खालून वर वाचायचे. सगळ्यात खाली माणूस कसा मेला ते. मधे अप्सरा त्याला हाताला धरून वर नेताहेत. आणि सगळ्यात वर तो पिंडीपुढे हात जोडून बसलेला, भांडण-तंटा संपलेला. लग्नानंतर पहिल्यांदा गावी नेलं तेव्हा नंदकिशोरने तिला देवाआधी हे दगड दाखवले होते. आता त्याच ओळीत त्याच्या दगडाला जागा मिळणार होती. धाकटा दीर सयाजी रविवारी टेम्पो घेऊन येणार होता. वरचे दोन कप्पे झाले होते. खालचा कोरा होता.

नंदकिशोर एका केमिकल कंपनीत शिफ्ट इन्चार्ज होता. कंपनीच्या कागदावर तो हृदयविकाराने गेला. नातेवाईक त्याला अटॅक म्हणत. अटॅकने गेलेल्या माणसाच्या कपड्यांना सडक्या अंड्यांचा वास का यावा, हे कुणी विचारलं नाही. त्याच्या शिफ्टची दोन माणसं जिन्यात उभी राहून तिला हळू आवाजात सांगून गेली होती, की सांडपाण्याच्या टाकीत उतरलेली पोरं वर येईनात म्हणून साहेब खाली उतरले, एकाला वर ढकललं, आणि मग स्वतः आले नाहीत. एवढं सांगून ती दोघं दाराशी काढलेल्या चपला घालायलाही न थांबता निघाली, हातात घेऊन. पुढच्याच महिन्यात ईश्वरीला, म्हणजे क्षिप्राच्या लेकीला, त्याच कंपनीत अकाउंट्समध्ये नोकरी लागली. तेव्हापासून घरात ‘बाबा गेले’ एवढंच म्हणत. कसे, हा शब्द घराने टाकूनच दिला होता.

कोरायचं तिला कुणी शिकवलं नव्हतं. पाटेवाल्यांच्या शेजारी उकिडवं बसून आणि मोबाइलवर बघून बघून जे आलं ते. पण मोबाइलवरचे कारागीर उघड्या अंगणात काम करतात. चार बाय सहाच्या बाथरूममध्ये पाणी कुठे जाईल, हे त्यांना सांगावं लागत नाही. कटरची पाण्याची नळी पूर्ण सोडली की चाक पाणी उचलून पंख्यासारखं फेकतं. कमी सोडली की कोरडी धूळ उठते, आणि ती धूळ छातीत गेली की आयुष्यभर बाहेर येत नाही. पहिल्या दिवशी आरसा, गीझर, छत आणि दांडीवर वाळत घातलेला ईश्वरीचा पांढरा कुर्ता, सगळ्यांना एकसारखे करडे ठिपके बसले.

“ऑफिसात काय सांगू,” ईश्वरीने कुर्ता उजेडाकडे धरत विचारलं, “बांधणी आहे?”

“सांग, आईने केलीय.”

मग क्षिप्रा कामाला लागली. आधी तिने ईएलसीबी, करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवून घेतला. पाणी आणि वीज एका खोलीत नांदवायची तर मधे कुणीतरी कडक लागतं. केमिस्टकडून सलाईनचा सेट आणला, बाटली शॉवरला टांगली, आणि कटरची नळी काढून टाकून थेंब थेंब पाणी चाकाच्या जरा पुढे, दगडावरच पडेल असं केलं. गाडीतल्या रबरी मॅटचा तुकडा चाकामागे लटकवला, सायकलच्या मडगार्डसारखा. जे काही उडायचं ते त्याच्यावर आपटून खाली. शिळा मोठ्या टबात ठेवली आणि तिन्ही बाजूंनी प्लास्टिकचे पडदे सोडले. पडद्यांची खालची कड टबाच्या बाहेर ठेवली की सगळं पाणी फरशीवर येतं, आत ठेवली की टबात, हे कळायला तिला एक अख्खी सकाळ आणि पोछ्याची तीन फडकी लागली. टबातला चिखल आता बादलीत जायचा. बादली तशीच ठेवली की खाली गाळ आणि वर नितळ पाणी. पाणी पुसायला, आणि गाळ कागदावर पसरून ग्रिलवर, पापडासारखा वाळत. मोरीत थेंब नाही. खालच्या पाइपचं वळण तिने स्वतःच्या खर्चाने उघडून साफ करून दिलं, आणि प्लंबरने काढलेला दगडी लाडू सकिनाला दाखवला. “हा घ्या तुमचा चोर.”

मधल्या काळात सोसायटीचे सेक्रेटरी मधुकरराव येऊन गेले. ते आत आले नाहीत, दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले.

“मॅडम, हे रेसिडेन्शियल आहे. मशीन चालवता येत नाही.”

“तुमच्याकडे दिवाळीआधी टाइल्स कापल्या, त्या दातांनी कापल्या का?”

“ते रिनोव्हेशन होतं.”

“हेही तेच आहे. वेळ पण तीच ठेवलीय, अकरा ते एक. दुपारी कुणाची झोप मोडत नाही. पाणी खाली जात नाही, येऊन बघा. काय आक्षेप आहे तो लिहून द्या, म्हणजे मला उत्तर लिहिता येईल.”

मधुकररावांना आत जाऊन काही बघायचं नव्हतं. “रविवारपर्यंत,” ते म्हणाले. “मग मी कमिटीत नेणार.”

“न्या. चहा मी ठेवते.”

त्यांची पाठ वळल्यावर तिने दार लावलं आणि कडी लागलीय ना, ते दोनदा बघितलं.

शनिवारी सकिना वर आली, सोबत भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी. तिला आता तक्रार उरली नव्हती, पण यायची सवय लागली होती. ती उरणकडची. तिच्या माहेरच्या कब्रस्तानात बापाच्या डोक्याशी दगड होता.

“आमच्यात नाव असतं, तारीख असते,” ती पडदा सारून शिळेकडे बघत म्हणाली. “कसा मेला ते नाय लिवत. तुमच्यात लिवतात?”

“कोरतात. खालच्या कप्प्यात.”

“मग वाचायचं खालून, अन् तुमी खोदलं वरून?”

“खाली खोल कापावं लागतं. फवारा जास्त उडतो.”

सकिनाने सलाईनची बाटली, मॅटचा तुकडा, टबात नीट दुमडलेली पडद्याची कड, सगळं एकदा बघून घेतलं. “फवारा तर तुमी केव्हाच आवरला, ईश्वरीचे आई,” ती म्हणाली, आणि चटणीचा डबा ओट्यावर ठेवायला गेली.

रविवारी सकाळी सयाजी आला. टेम्पो खाली उभा करून, पाय धुवायला म्हणून बाथरूमकडे गेला आणि दारातच थबकला. वरच्या कप्प्यातल्या नंदकिशोरला चष्मा होता. क्षिप्राने मुद्दाम कोरला होता. सयाजीने उपरण्याने डोळे पुसले.

“दादाच आहे,” तो म्हणाला. मग खालच्या कप्प्याकडे बघून, “वहिनी, हे काय राहिलं?”

“राहिलं नाही, भावजी. करायचंय. आज टेम्पो परत पाठवा. काय भाडं होईल ते मी देते.”

“परत कशाला? दोन फुलं काढा. कलश काढा. दुपारपर्यंत होईल.”

“तुमचे दादा फुलं तोडताना गेले?”

सयाजीने मान फिरवली. दाराशी ईश्वरी उभी होती, हातात वायपर. आज सुट्टी, म्हणून पाणी आवरायचं काम तिच्याकडे होतं. तिच्यामागे, चहाचा ट्रे घेऊन सकिना.

“तसं नाही, वहिनी,” सयाजी आवाज उतरवून म्हणाला. “आजकाल दगडाचापण फोटो निघतो. फोटो फिरतो. कुणी कंपनीपर्यंत पोचवला तर…” त्याने ईश्वरीकडे न बघता ईश्वरीच्या दिशेने हात केला आणि वाक्य तिथेच सोडलं.

क्षिप्राने खडू उचलला. एकदा टाकी, एकदा शिडी, एकदा खाली उतरणारा माणूस, सगळं तिने मनात इतक्या वेळा काढलं होतं की डोळे मिटूनही जमलं असतं. खडू दगडापाशी नेला आणि तिथेच धरून राहिली.

“फुलंच बरी,” ती म्हणाली. इतका वेळ न हरलेल्या बाईचा तो आवाज नव्हता. सकिनाने ट्रे खाली ठेवला.

ईश्वरी आत आली. वायपर भिंतीला टेकवून ती टबाशेजारी आईच्या समोर उकिडवी बसली आणि खालच्या कप्प्यावरून बोट फिरवलं. बोट पांढरं झालं.

“आई, इथे किती वेळा काढून पुसलंयस गं?”

“मोजलं नाही.”

“माझ्यासाठी पुसलंस.”

“तुझं अजून सगळं व्हायचंय, बाळा. दगडाला काय घाई आहे.”

“बाबांचा दगड आहे तो. माझा नाही.” ईश्वरीने आईच्या हातातला खडू काढून घेतला आणि कोऱ्या कप्प्यात टाकीची कड ओढली, मग शिडी. रेघा वाकड्या आल्या. तिने तशाच राहू दिल्या.

“ईशू,” सयाजी म्हणाला, “जरा विचार कर, पोरी.”

“तेच करत होते, काका. रोज गेटवर कार्ड दाखवताना.” ती उठली नाही, आवाजही चढवला नाही. “बाबा अटॅकने गेले नाहीत. त्यांना कंपनीने मास्कशिवाय टाकीत उतरू दिलं. आपण बोलू नये म्हणून मला नोकरी दिली. आणि आपण ती घेतली.”