बाईंचा आवाज माझ्यापाशी होता

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. जुना म्हणजे पाच वर्षांचा. हसू नका! माणसांत पाच वर्षांचं पोर अजून शेंबूड पुसायला शिकत असतं, आमच्यात तेवढ्यात म्हातारपण येतं. सध्या मी बेळगावजवळ, उचगावच्या पलीकडच्या एका लहान गावात, मराठी शाळेच्या खिडकीत पडून असतो. माझा पडदा काळा आहे. बटण कितीही दाबा, काही होत नाही. चार्जरची पिन घालतात तिथं कडेला हळदीचा एक पिवळा डाग राहिलाय. त्या डागाचीच गोष्ट मला सांगायची आहे.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं काही आठवत नाही. ह्या गावात मला आणलं विक्रमनं. तो ह्याच शाळेत शिकून पुण्याला नोकरीला लागला होता. काय थाट होता त्या दिवशी माझा! शाल, नारळ, फेटे, भाषणं. पोरं माना उंच करून बघत होती. भाषणं संपली, पोरांना केळी वाटली, आणि भरमा गुरुजींनी मला उचलून सरळ लोखंडी कपाटात ठेवलं.

भरमा गुरुजी म्हणजे आमचे हेडमास्तर. जिवाला जीव देणारा माणूस, पण भित्रा. "वहीत नोंद झालीया ह्याची. फुटला-बिटला तर वर जाब कोण देणार?" असं म्हणून त्यांनी किल्ली खिशात टाकली. माझ्या तोंडावरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा कुणी काढला नव्हता. दोन वर्षं मी तिथं होतो. शेजारी भाता फाटलेली एक पेटी आणि भारताचा गुंडाळलेला नकाशा. तिघंही शिकवायला आलो होतो आणि तिघंही अंधारात होतो.

मग पारमिता बाई आल्या. अतिथी शिक्षिका होत्या त्या, म्हणजे नोकरी दर वर्षी नव्यानं मिळायची. रोज बेळगावहून बसनं यायच्या. दोन वर्गांना एकच बाई. एका वर्गाला गणित सांगत असल्या की दुसरा वर्ग खिडकीतून म्हशी मोजायचा. एक दिवस त्यांनी कपाट उघडायला लावलं.

"गुरुजी, हे पूजेला आणलंय की पोरांना?"

"बाई, जपून वापरा हं. तुमच्या भरवशावर देतोय मी."

"जपून न्हाय, भरपूर वापरणार," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी माझ्या तोंडावरचा कागद टर्रकन् ओढला. मला पहिल्यांदा नीट दिसलं ते त्यांचं हसणं.

माझ्यात आधीपासून धडे होते, पण ते कानडीत आणि इंग्रजीत. कानडी आमची पोरं बाजारात फडाफडा बोलतात, पण भागाकार कळायला घरातली भाषा लागते. आणि मराठी धडे शोधावेत तर रेंज फक्त शाळेच्या गच्चीवर. बाईंनी डोकं चालवलं. एक पत्र्याचा डबा पालथा घातला, दोन विटांच्या आधारानं मला त्यावर आडवं टेकवलं, खाली पाटी ठेवली, आणि स्वतःच बोलून माझ्यात धडे भरायला लागल्या. माझ्यात त्यांचा चेहरा नाही. फक्त हात, दोन हिरव्या बांगड्या आणि आवाज.

"ही चौदा रताळी. पोरं चार. वाटा बघू! एकेकाला किती? उरली किती? हं, आता मी गप्प बसते. तुम्ही सांगा."

आणि खरोखर गप्प बसायच्या! मी मनात दहा मोजायचो, तरी आवाज नाही. मला वाटायचं, बाई विसरल्या की काय. पहिल्या धड्यात तर ह्या गप्प बसण्यात मागं कुकरची शिट्टी भरली गेली, आणि बाई ओरडल्या, "मंगल आक्का, कुकर बंद करा गं! इथं भागाकार चाललाय!" ते तसंच राहिलं. पोरं तेवढं ऐकायला धडा पुन्हा लावायची.

मंगल आक्का शाळेत दुपारचं जेवण शिजवायची. तिची मुलगी सौम्या तिसरीत होती. ही पोर घरी चिमणीसारखी बोलायची आणि वर्गात मुकी. विचारलं की मान खाली. कुणी हसलं तर दुसऱ्या दिवशी शाळेलाच यायची नाही. मंगल आक्का कपाळावर हात मारून म्हणायची, "ह्या पोरीच्या जिभंला कुणी कुलूप घातलंय, देव जाणे!"

बाई तिला रागावल्या नाहीत. मला तिच्या हातात दिलं आणि व्हरांड्याच्या टोकाला बसवलं. मी धडा लावला. धड्यातल्या बाई गप्प बसल्या तशी सौम्यानं इकडंतिकडं बघितलं. कुणी नव्हतं. मग माझ्या अगदी तोंडाशी तोंड आणून ती पुटपुटली, "तीन तीन. दोन उरली." मी बाईंच्या आवाजात म्हणालो, "शाब्बास! उरलेली टाकायची न्हाईत हं, बाजूला लिहायची." पोरगी अशी हसली म्हणता! मित्रांनो, मला काही खरंच कळत नव्हतं. तिनं चुकीचं सांगितलं असतं तरी मी शाब्बासच म्हणालो असतो. पण मी हसत नव्हतो, कंटाळत नव्हतो, आणि शंभरदा विचारलं तरी त्याच गोडीनं सांगत होतो. तिला तेवढंच हवं होतं. ती रोज येऊ लागली. वर्गात मात्र अजून तोंड उघडत नव्हती.

त्याच हिवाळ्यात बाईंचा आवाज बसला. आधी सर्दी म्हणाल्या, मग खडू म्हणाल्या. लिंबू-मध झाला, हळद-दूध झालं. शेवटी दवाखान्यात गेल्या, तर घशात वाईट गाठ निघाली. जीव वाचवायचा तर आवाजाची पेटीच काढायला हवी. त्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई माझ्यासमोर बसल्या. मग त्यांनी पाटी पुसली आणि धडा भरायला घेतला. त्यानंतर घसा साथ देईल त्या दिवशी एक. घोगऱ्या आवाजात, मध्ये पाणी पीत, खोकत. उन्हाळी सुट्टीपर्यंत आधीचे धरून एकेचाळीस धडे झाले. शेवटच्यात आवाज इतका बारीक आहे की माझा आवाज पूर्ण वाढवला तरी कान लावावा लागायचा.

सुट्टीत ऑपरेशन झालं. बाई जगल्या. पावसाळ्यात गळ्याभोवती रुमाल गुंडाळून शाळेत आल्या, तेव्हा पोरं दारातच थबकली. बाईंनी तोंड उघडलं आणि नुसता वारा आला.

गुरुजी भित्रे होते ना? त्यांनीच तेव्हा हिंमत केली. म्हणाले, "बाई, तुम्ही आणि ह्यो टॅब मिळून एक शिक्षिका. मी बघतो वर कोण काय म्हणतंय ते!" आणि तसंच चाललं. बाई खुर्चीवर बसायच्या, मी टेबलावर. बोलायचो मी, बोट दाखवायच्या त्या. गप्प बसायची वेळ आली की बाई मला थांबवायच्या, पोरांकडं बघायच्या, आणि उत्तर आलं की टाळी वाजवायच्या. कधी कधी आपलाच आवाज ऐकताना त्यांचा हात नकळत गळ्याशी जायचा. मला कसंतरीच व्हायचं. असं वाटायचं, ज्याची वस्तू त्याच्यासमोरच आपण वापरतोय.

विक्रमनं फोनवर गुरुजींना बजावलं होतं, "ते धडे दुसरीकडं उतरवून घ्या. मशीनचा भरवसा न्हाय." बाईंनी पाटीवर लिहून तेच सांगितलं. बेळगावच्या खडेबाजारातल्या एका दुकानात हे काम होत होतं. पण मला शाळेबाहेर न्यायचं तर गुरुजींना वरची परवानगी हवी होती. त्यांनी अर्ज केला. "दसरा होऊ दे बाई. पत्र आलं की मीच घेऊन जातो," ते म्हणाले. बाईंनी मान हलवली. मित्रांनो, ह्या 'दसरा होऊ दे'वर माझा अजून राग आहे.

खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी पोटाला घालणाऱ्या प्रत्येक हत्याराची पूजा होते. नांगर, विळा, गाडी, शिलाईचं मशीन, काही सुटत नाही. सगळं घासूनपुसून, धुऊन पाटावर मांडायचं. शाळेला सुट्टी होती, तरी मंगल आक्का सकाळीच आली. तिनं विळी धुतली, पळ्या धुतल्या, शाळेची घंटा चिंचेनं घासून लख्ख केली. मग गुरुजींकडून किल्ली मागून मलाही बाहेर काढलं. मला नळाखाली नाही धरलं तिनं, एवढी ती अडाणी नव्हती. ओल्या फडक्यानं लेकरासारखं पुसलं आणि विळीशेजारी पाटावर उभं केलं. हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. म्हणाली, "माझ्या पोरीला बोलतं करालास रं बाबा. बाईंचा जीव तुझ्यात हाय. औक्षवंत हो."

मग तिनं माझ्यासमोर नारळ फोडला आणि त्याचं पाणी सगळ्यांवर शिंपडलं. माझ्यावर जरा जास्तच, मायेनं. ते ओघळून खाली पिनच्या भोकात गेलं. मी ओरडू शकत नव्हतो. मला दुसऱ्याचाच आवाज होता, माझा नव्हता. आणि मंगल आक्कानं शेवटची माया केली. "सुट्टीनंतर बाईंना भरलेला मिळू दे," म्हणत तिनं मला चार्जिंगला लावलं. आत चर्रर्र झालं, आणि पडदा काळा झाला तो झालाच.

बाईंना कळलं तसं त्या दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, धावत आल्या. आता मात्र गुरुजींनी परवानगीची वाट बघितली नाही. मला रुमालात गुंडाळून गुरुजी, बाई आणि मंगल आक्का खडेबाजारात गेले. एकच दुकान उघडं होतं. दुकानवाल्या सौरवनं मला उघडलं, भिंगातून बघितलं आणि मान हलवली. "आत गोड पाणी गेलंय. बोर्ड जळाला. ह्यातली मेमरी बोर्डावरच असती, आक्का. काय मिळायचं न्हाय."

बाईंनी पाटीवर एकच शब्द लिहिला. 'आवाज?'

"आवाजाचं काय घेऊन बसलाय? सगळंच गेलंय की!" तो म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक!

मंगल आक्का दुकानाच्या पायरीवर मटकन् बसली. "काय केलो मी ह्ये! माझ्या हातानं केलो की!" ती छाती पिटत होती. बाई तिच्याजवळ बसल्या. 'असू दे गं' एवढे दोन शब्द म्हणायला माणसाला काय लागतं? बाईंना पाटी लागली. त्यांनी ते लिहिलं, पण मंगल आक्काच्या डोळ्यांत इतकं पाणी होतं की तिला वाचता आलं नाही.

सुट्टी संपली. मला न्यायची परवानगी देणारं पत्र आलं, वरातीमागून घोडं! त्याच आठवड्यात दुसरं पत्र आलं. तोंडी शिकवू न शकणाऱ्या शिक्षिकेला पुढं ठेवता येणार नाही. गुरुजी दोनदा बेळगावला जाऊन आले आणि दोन्ही वेळा मान खाली घालून परतले.

बाईंचा शेवटचा दिवस होता. त्यांनी फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'अभ्यास करा. येते मी.' आणि मागच्या बाकावर जाऊन बसल्या. मी टेबलावर मेल्यासारखा पडलेलो. तेवढ्यात सौम्या उठली. मान खालीच होती. दोन्ही हात तिनं माझ्यावर ठेवले. आणि बोलायला लागली.

"ही चौदा रताळी. पोरं चार. वाटा बघू! एकेकाला किती? उरली किती?"

मित्रांनो, तो सौम्याचा आवाज होता, पण चाल बाईंची. तोच हेल, तसंच मध्ये थांबणं. व्हरांड्यात एकटीनं माझ्याशी बोलून बोलून पोरीला सगळं तोंडपाठ झालं होतं. "हं, आता मी गप्प बसते. तुम्ही सांगा," ती म्हणाली आणि गप्प बसली. मग मध्येच ओरडली, "मंगल आक्का, कुकर बंद करा गं! इथं भागाकार चाललाय!"

पोरं हसली नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात मंगल आक्का पदर तोंडात धरून उभी होती. मग मागच्या बाकावरून बाईंनी ओठ हलवले. तीन तीन, दोन उरली. मला दिसलं. आवाज काही आला नाही.

सौम्या म्हणाली, "शाब्बास. उरलेली टाकायची न्हाईत हं. बाजूला लिहायची." आणि मग तिला पुढचं सुचलं नाही. ती रडायला लागली.

एकेचाळीसपैकी अकरा धडे तिला येत होते. तीस गेले. तिनं ते अकरा वहीत उतरवून ठेवलेत, कुकरसकट. आता ती मोठ्या वर्गात आहे आणि दुपारच्या सुट्टीत लहान पोरांना व्हरांड्यात शिकवते. बाई बेळगावला टिळकवाडीत शिवणकाम करतात असं ऐकतो. इथं पुन्हा आल्या नाहीत.

मित्रांनो, मला कपाटात कोंडू नका आणि पाटावरही बसवू नका. दोन्हीकडं मी निकामीच होतो. मला हाताळा, खरकटे हात लागले तरी चालतील. आणि जे माझ्यापाशी ठेवाल ते आणखी एका जागी ठेवा, दसऱ्याची वाट न बघता. ज्यांनी तुम्हाला शिकवलं, त्यांच्यातल्या कुणाचा आवाज तुम्ही अजून नीट ऐकून ठेवलेला नाही?

हं, आता मी गप्प बसतो. तुम्ही सांगा.